बसल्या जागी अंधार

औषधाच्या खोक्यात घडीवर घडी घातलेला एक पातळ कागद असतो. तो कोणी वाचत नाही. आम्ही वाचतो. असले कागद आमच्या छापखान्यात छापतात आणि छापण्याआधी ते तपासायचं काम वाचन विभागाकडे असतं. कामाला जोडीनं बसायचं. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापायच्या कागदावर डोळे रोवून ऐकायचं. माझे जोडीदार अण्णा. ते वाचतात, मी बघते. आकड्यातला एक ठिपका सरकला तर कोणाच्या तरी पोटात दहापट औषध जाईल, म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं, आणि असं बसलेलं माणूस हलत नाही. चांगल्या तपासनिसाच्या खांद्यावर कबुतर बिनधास्त बसलं पाहिजे, असं अण्णा म्हणतात.

हे आधी सांगायचं कारण, साहेबांनी सगळ्या इमारतीतल्या जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी बसवले.

एलईडीशी माझं भांडण नाही. आमच्या घरीही आहेत. नवऱ्यानं एका रविवारी स्टुलावर चढून सगळे दिवे बदलले आणि उरलेला दिवस खोल्याखोल्यांतून बटणं दाबत "बघ, बघ" करत हिंडला. त्याच्या कडेवर लेक. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "द्द." हा तिचा पहिला शब्द की नुसती लाळ, यावर घरात दोन पक्ष आहेत. मी दोन्हीकडे असते.

पण साहेबांचे दिवे नुसते दिवे नव्हते. ते हुशार होते. प्रत्येक टेबलावर एक दिवा आणि त्याच्या पोटात हालचाल ओळखणारा सेन्सर. खाली कोणी हललं की दिवा लागणार. जरा वेळ कोणी हललं नाही की इथं माणूस नाही असं समजून विझणार. आमचा हॉल इमारतीच्या मधोमध, खिडकी एकही नाही. दिवा विझला की मिट्ट काळोख.

"माणूस उठला की दिवा बंद. वीज वाचली," पहिल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं.

"आणि माणूस बसूनच राहिला तर?" अण्णांनी विचारलं.

"जिवंत माणूस हलतोच, अण्णा."

हे अण्णांनी मनाला लावून घेतलं. निवृत्तीला आलेल्या माणसाशी असं बोलू नये.

पहिला कागद सुरू झाला. अण्णा वाचत होते, "लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा", आणि दोघांवरही अंधार पडला. अण्णांनी हात हवेत फिरवला. उजेड आला.

"कुठं होतो गं आपण?"

"मुलांच्या हाती लागणार नाही."

"आपल्याही नाही लागत आता," अण्णा म्हणाले आणि परत पहिल्यापासून सुरू झाले.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला विक्री विभागात मात्र उजेडाची ददात नव्हती. तिथं एक जण आहे, त्याला आम्ही भोवरा म्हणतो. तो खुर्चीत बसलेला कोणी पाहिलेला नाही. चहाचा कप घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर, गप्पा मारत, टाळ्या देत फिरतो. जाईल तिथं दिवे पटापट लागत. एखादा नट रंगमंचावर यावा तसा तो दिवसभर उजळत राहिला.

साहेबांची काचेची केबिन पोटमाळ्यावर आहे. तिथून सगळा हॉल दिसतो. आठवडाभर त्यांनी वरून पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की देवानं त्यांना एक नवीन डोळा दिला आहे. उजेड दिसला, काम चालू. काळोख दिसला, काम बंद. आमच्या पाच टेबलांवर काळोखच काळोख. लगेच सूचना निघाली की ज्यांच्या टेबलांवर अंधार जास्त असतो, त्यांनी सहापर्यंत थांबून काम भरून काढावं.

लेक झाल्यावर परत कामावर आले ती पाचला निघायच्या परवानगीवर. पाळणाघराच्या ताई साडेपाचला कुलूप लावतात, कारण त्यांनाही घर आहे, पोरं आहेत. नवरा दुसऱ्या टोकाला कामाला, सातच्या आत उगवत नाही. आणि लेक दिवसभर वाटीचमच्यानं शहाण्यासारखं खाते, पण संध्याकाळची भूक माझ्यासाठी राखून ठेवते. बाटली पुढं केली की तोंड फिरवते आणि दाराकडे बघत बसते. हे ताईंनी सांगितलं त्या दिवसापासून साडेचार वाजले की माझा जीव दाराकडे बघत बसतो. सहा वाजता सुटायचं म्हणजे नोकरी सोडायची, इतकं ते सरळ होतं.

मी वर गेले.

"साहेब, आम्ही जागेवरच असतो हो."

"मग दिवा का विझतो?"

"आम्ही हलत नाही म्हणून."

"तेच म्हणतोय मी."

"हललो तर ओळ चुकते, साहेब."

"इकडे या." त्यांनी मला काचेपाशी नेलं. "ते सगळे उजेडात आहेत. तुम्ही तेवढे काळोखात. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू की तुमच्या बोलण्यावर?"

दिव्याखाली अंधार असतो हे ऐकून होते. केबिनमध्येही असतो हे तेव्हा कळलं. पण गरज मला होती, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. साहेब मनानं वाईट नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "एक आठवडा देतो. शुक्रवारी मालकीणबाई नवे दिवे बघायला येणार आहेत. तोवर तुमचा विभाग उजेडात दिसला, तर जा पाचला. नाहीतर नियम तो नियम. माझ्या केबिनलासुद्धा तोच सेन्सर आहे."

खाली येऊन मी सगळ्यांना सांगितलं. मग आम्ही हलायला लागलो. अण्णा वाचता वाचता मधेच हात वर करत, बुडणाऱ्या माणसासारखा. पलीकडच्या जोडीतल्या मावशी मान हलवत, तर त्यांच्या जोडीदारणीला वाटे की त्या नाही म्हणताहेत, आणि ती बरोबर शब्द खोडून ठेवी. दुपारी मीही हात हलवायला कागदावरची नजर काढली आणि तेवढ्यात एका गोळीच्या जागी अकरा गोळ्या निसटल्या. मावशींनी शेवटच्या वाचनात पकडलं म्हणून निभावलं.

"अगं, माणूस मारशील," मावशी म्हणाल्या. रागानं नाही, पण मला रडू आलं.

बुधवारी पाठ दुखायला लागली म्हणून मी कागद हातात घेऊन उभी राहिले. अण्णा वाचत गेले. एक पान झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मग ते थांबले.

"पोरी, तू डुलतेयस."

मी खाली बघितलं. पाय फाकवलेले, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर चाललेला, कागदांचा गठ्ठा डाव्या खांद्याशी, आणि उजवा हात त्याला थोपटतोय. मूल पाळणाघरात आणि मी कागदाला निजवत होते. ज्या बाईच्या हातात वर्षभर बाळ असतं ती अशी होते. भाजीची पिशवी घेऊन उभी असली तरी डुलते, आणि पिशवी शांत राहते.

"लाज नको वाटून घेऊस," अण्णा वर बघत म्हणाले. "दिवा विझलेला नाही. आणि तुझी ओळही सुटली नाही."

खरंच सुटली नव्हती. डुलत डुलत बायका जेवतात, फोनवर बोलतात, दुधावर नजर ठेवतात. डोळे जागेवरच राहतात, बाकीची बाई हलते.

गुरुवारी सगळा विभाग उभा राहून डुलायला शिकला. मावशींनी दोन मुलं वाढवलेली, त्यांचं अंग आपोआप आठवलं. अण्णांचं काही जमेना. ते दारू प्यायल्यासारखे पुढेमागे झुकत.

"आमची पोरं बायकोनं डुलवली," ते म्हणाले.

"मग आता डुलवा. हा घ्या," मावशींनी त्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा दिला. "मान सांभाळा. तसं नाही, खालून हात. नातवंडाला असाच धरता का तुम्ही?"

"मला देतच नाहीत."

"का देत नाहीत ते कळलं."

दुपारपर्यंत अण्णांनाही जमायला लागलं. आमची पाचही टेबलं लखलखत होती.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर साहेब काचेपाशी खुर्ची ओढून बसले, आमच्यावर नजर ठेवायला. खाली दहा माणसं एका लयीत डुलताहेत, आणि पाच जण संथ आवाजात म्हणताहेत, जेवणानंतर, कोमट पाण्यासोबत, गुंगी येऊ शकते. तसल्या दुपारी आमची लेकसुद्धा दुसऱ्या पानाच्या पुढं टिकली नसती. साहेब तिसऱ्यापर्यंत टिकले. मग त्यांची केबिन काळी झाली.

मालकीणबाई साडेचारच्या सुमारास आल्या. दारात भोवराच भेटला.

"साहेब कुठं आहेत?"

भोवऱ्यानं वर बघितलं. "नाहीत, मॅडम. दिवा बंद आहे म्हणजे जागेवर नाहीत." तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. नियम त्याला पाठ होता.

त्या मग हॉलभर एकट्याच फिरल्या आणि आमच्यापाशी थांबल्या.

"तुम्ही सगळे असे का डुलताय?"

अण्णा गठ्ठा थोपटत म्हणाले, "दिवा विझू नये म्हणून, मॅडम."

"पण हे दिवे वीज वाचवायला बसवलेत ना?"

"हो, मॅडम."

"मग वाचत का नाहीये?"

"आम्ही वाचू देत नाही. साहेबांना काळोख आवडत नाही."

पाच वाजायला आले होते. परवानगी साहेबांनी द्यायची होती आणि साहेब अंधारात होते. मी जिना चढले. मालकीणबाईही मागून आल्या. मी दार ढकललं, आत पाऊल टाकलं, दिवा लागला. साहेब खुर्चीत मान टाकून झोपले होते, तोंड किंचित उघडं, एक हात गालाखाली. क्षणभर मला पाऊल मागं घ्यावंसं वाटलं. झोपलेल्या माणसाला न उठवता खोलीतून कसं निघायचं, ही या वर्षात मी शिकलेली सगळ्यात मोठी विद्या. पण पाच वाजले होते. मी खाकरले.

साहेब ताडकन सरळ झाले. आधी मी दिसले, मग माझ्या मागं मालकीणबाई.

"मी विचार करत होतो," ते म्हणाले.

"काळोखात?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मॅडम, माणूस विचारात असला की हलत नाही. त्या मूर्ख दिव्याला वाटतं, खुर्ची रिकामी आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं आणि तिघांच्या मधे उभं राहिलं. साहेबांनी काचेतून खाली बघितलं. खाली नऊ माणसं डुलत होती.

"साहेब," मी म्हणाले, "मी निघू का?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "निघा. रोज निघा."

पुढच्या आठवड्यात फलकावर सूचना लागली. वीजबचतीचा दुसरा टप्पा सुरू होत असून, वाचन विभाग आणि केबिन येथे दिवा हवा तेव्हा लावण्याची व नको तेव्हा बंद करण्याची अत्याधुनिक सोय प्रत्येक टेबलापाशी भिंतीवर देण्यात येत आहे. विजेचं काम करणाऱ्यानं येऊन बटणं बसवली. साहेबांनी त्यांचंही उद्घाटन केलं.

पण त्या शुक्रवारी मी कशाचीही वाट न बघता जिना उतरले. बाहेर पडले तर रस्ताभर ऊन होतं, आणि ते कोणी हलतंय का बघत नव्हतं. मी जवळजवळ पळत गेले. ताई दारात चपला घालत होत्या, लेक त्यांच्या कडेवर. मला बघून ती हसली नाही. आधी तिनं माझ्या कानातलं ओढून बघितलं, मग नाक, मग हनुवटी. सगळं जागच्या जागी आहे, कुठं काही निसटलेलं नाही, अशी खात्री झाल्यावर तिनं भोकाड पसरलं.

"घ्या, तुमचीच वाट बघत होती," ताई म्हणाल्या. "बसा सावकाश. कुलूप नंतर लावते."

मी पायरीवरच बसले आणि तिला पदराखाली घेतलं. पिता पिता तिचे डोळे मिटत गेले. मी मुळीच हलले नाही.