शाळेपुढचा बोळ

छकुलीने संगणकावरच्या नकाशात बाण त्या बोळावर नेऊन ठेवला आणि थंड झालेला चहा एका घोटात संपवला. बोळ लाल झाला होता. म्हणजे प्रोग्रॅमच्या मते तो फार बारीक होता, शिवाय एका टोकाला बंद. लेझरने कापला तर लाकडाची नुसती काडी उरणार आणि लाकूड काळं पडू नये म्हणून वर लावलेली टेप सोलताना ती मोडणार. अशा गल्ल्या प्रोग्रॅम आपणहून लाल करतो आणि अदबीने विचारतो, काढू का? ती कधी सरसकट हो म्हणत नसे. एकेक लाल रेघ बघायची. नकाशा मागवणाऱ्या कोणाचं जुनं घर तिथे असेल, कोणाची शिकवणी असेल, तर ती रेघ हाताने ठेवायची. माणसं लाकडी नकाशा भिंतीवर लावतात ते पाहुण्यांना आपली गल्ली दाखवायला. तीच नसेल तर तो नकाशा काय चाटायचाय?

हा नकाशा मात्र भिंतीवर लागणार नव्हता. तो मांडीवर ठेवून बोटांनी वाचायचा होता.

“झालं का गं गाव?” शेजारच्या खोलीतून बाबांनी विचारलं.

“होतंय. गाव आहे बाबा, पोळी नाही.”

पन्नाशीला टेकलेल्या बाईला छकुली म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं. बाबांनी सगळं आयुष्य छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात काढलं. काचबिंदूने नजर नेली. आता त्यांना उजेड कळायचा, समोर कोणी उभं असल्याची सावली कळायची, बस. पण बोटं शाबूत होती आणि त्या बोटांचा त्यांना भारी ताठा होता. शर्टाची बटणं लावायला कोणी पुढे झालं की हात झटकून टाकायचे.

आई गेल्यावर छकुली त्यांना आपल्याकडे घेऊन आली ती ‘चार दिवस’ म्हणून. त्या चार दिवसांना वर्ष होत आलं होतं. बाबांचं घर बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथे शेजारचे मास्तर झाडांना पाणी घालत आणि फोनवर विचारत, कधी येताय? बाबा म्हणत, लेक सोडेल तेव्हा. हे ते थट्टेत म्हणत, पण छकुलीला ते दर वेळी टोचायचं. आई त्या घरात पडली तेव्हा छकुली इथे कुठलंतरी गाव कापत बसली होती. फोन वाजला तो मशीनच्या आवाजात ऐकूच आला नाही. आता बाबांना तिथे एकटं सोडायची तिची तयारी नव्हती.

एकदा वैतागून ती बोलून गेली होती, “एकट्यानं स्टँडपर्यंत जाऊन परत येऊन दाखवा. मग जा खुशाल आपल्या घरी. मी अडवणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

मुलाला चंद्र आणून देते म्हणावं, तसं ती म्हणाली होती. बाबांनी तो शब्द खिशात घातला.

त्यांचं मन रमावं म्हणून तिने त्यांच्या गावाचा नकाशा करून द्यायचं ठरवलं, तेव्हा ते म्हणाले, “माझं गाव मला पाठ आहे. मला हे गाव दे.”

तेव्हाच तिला उमगलं, स्वारी कुठे निघाली आहे ते.

रस्ता काही अवघड नव्हता. घरातून निघून मोठ्या रस्त्याला लागायचं, शाळेच्या लोखंडी गजांना काठी लावत चालायचं, गज संपले की डाव्या हाताच्या गल्ल्या मोजायच्या. पहिली दवाखान्याची. मग हा बोळ, गोदामांच्या आवारात जाऊन संपणारा. आणि तिसरी गल्ली थेट स्टँडवर. बाबा गल्ल्या मोजत जाणार हे तिला ठाऊक होतं. त्यांनीच सांगितलं होतं, “आकडा पाठ झाला की डोळ्यांचं कामच नाही.”

पडद्यावर चौकट तशीच विचारत होती. काढू का?

काडी मोडते हे खरं, पण ती टेप सोलताना. एकदा खालच्या थरावर चिकटली की कसली मोडतेय? आणि सोलताना सुईने जपलं तर तेव्हाही मोडत नाही. हे सगळं तिच्या मनात आलं. तिने बाण हलवला नाही. मग ‘हो’वर बोट टेकवलं आणि घाईघाईने उठून, धूर ओढणारा पंखा सुरू करायला गेली. तो पंखा बसूनही सुरू करता येत असे.

नकाशा झाला देखणा. सगळ्यात खाली निळ्या रंगाची नदी, तिच्यावर जमिनीचा थर, आणि सगळ्यात वर रस्त्यांची जाळी. बाबांनी तो हातात घेतल्याबरोबर आधी नाकाशी नेला.

“जळका वास येतोय अजून.”

“जाईल दोन दिवसांत.”

मग बोटं कामाला लागली. नदीच्या खोलगटात तर्जनी घातली, पुलावर चढवली, चौकातून फिरवली. बघता बघता ते रमून गेले. जेवायला हाक मारली तरी पुलावरच होते. संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा सासरे त्याला म्हणाले, “जावईबापू, तुमच्या गावाला चौकांची हौस फार.” आणि छकुलीला म्हणाले, “तुझं काम मी आज पाहिलं. आजवर नुसतं ऐकत होतो. छापखान्यात असतीस तर मालकानं तुला डोक्यावर घेतलं असतं.”

त्या कौतुकाने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजूनही सांगता आलं असतं. एक गल्ली राहिली बाबा, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी तिने भाजीत मीठ कमी आहे का म्हणून विचारलं.

बाबांनी रोज तालीम केली. खुर्चीत बसून, मांडीवर गाव घेऊन, ओठांत पुटपुटत. शाळा, गज संपले, एक, दोन, डावीकडे. आणि एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले.

“स्टँडवर चहा पितो आणि येतो.”

“मी मागून येऊ का? बोलणार नाही. लांबून.”

“पेपर लिहिताना मास्तरीण डोक्यावर उभी नको.”

ते गेले. छकुली मशीनपाशी आली, पण तिने काही लावलं नाही. फार तर काय होईल, ती स्वतःला समजावत होती; गोंधळतील, कोणालातरी विचारतील, परत येतील. चुकले की आपोआप कळेल त्यांना, आपण काही बोलायलाही नको. परीक्षा तिनेच ठेवली होती आणि पेपरही तिनेच फोडला होता, तोही चुकीचा. मग तिला अचानक आठवलं, गोदामांच्या आवारात सकाळी माल उतरतो. ती अनवाणीच रस्त्यावर धावली.

कोपऱ्यावरच ते समोरून येताना दिसले. सायकल दुरुस्तीवाल्याने त्यांना दंडाला धरून आणलं होतं. पँट गुडघ्यावर फाटली होती, शर्टावर ग्रीसचा पट्टा उठला होता.

“तुमचेच ना हे?” तो म्हणाला. “गोदामात शिरले होते. ट्रक मागं येत होता, ड्रायव्हरला काय दिसतंय? मी ओरडलो म्हणून. एकट्याला सोडत जाऊ नका हो, ताई.”

“नाही सोडणार,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

घरी आल्यावर तिने पाणी गरम केलं आणि त्यांचा गुडघा धुवायला खाली बसली. बाबा ताठ बसले होते. त्यांनी पँटची फाटलेली जागा चाचपली. मग विचारलं, “दुसरीच होती ना गं?”

तिने कापूस पिळला.

“नकाशात दुसरीच आहे,” ते स्वतःशीच म्हणाले. “मी एक मोजली, दोन मोजली. म्हणजे नकाशा वाचतानाच चुकलो. दोन रस्ते एकच समजलो असणार.” त्यांनी उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासून पाहिली. “बोटं गेली, छकुले. डोळे गेले तेव्हा मला एवढं काही वाटलं नव्हतं.”

“झोंबतंय का?” ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

“मास्तरांना फोन कर. म्हणावं, मी येत नाही. घर द्या कोणाला तरी राहायला. तुझंच बरोबर होतं.”

“करते.”

तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, तेही भांडणतंटा न होता. रात्री जेवताना नवरा म्हणाला, “चला, तुझ्या जिवाचा घोर मिटला.” तिने मान हलवली आणि ताटावरून उठली.

फोन तिने केला नाही. बाबांनीही पुन्हा विचारलं नाही. नकाशा त्यांनी कपाटाच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. ते आता सरळ हात पुढे करून बसत. पेला हातात दिला तर घेत, शोधायला जात नसत. ताटात काय कुठे आहे ते विचारून घेत. आणि रविवारी सकाळी आंघोळ करून आले, खुर्चीत बसले, आणि शर्टाच्या दोन्ही बाह्या तिच्यासमोर धरल्या.

“बटणं लाव जरा. मला जमतील असं वाटत नाही.”

तिने लावली. एक, मग दुसरं. लहान मुलासारखे ते मनगट वर करून बसले होते. लावून झाली तशी ती तडक आत गेली, दार लोटलं आणि मशीनच्या झाकणावर डोकं टेकून रडली. आपण त्यांना ट्रकखाली घालायला निघालो होतो, हे तिचं स्वतःला सांगून झालं होतं. पण त्याहून वाईट ही बटणं होती.

डोळे पुसून तिने नकाशाची फाइल उघडली. बोळ परत आणायला एकदाच बोट टेकवावं लागलं. रुंद केला नाही, जाड केला नाही. होता तसाच ठेवला. लेझरचा ठिपका प्लायवूडवरून सुरसुरत गेला, शाळेच्या पुढे वळला, बोळात शिरला आणि बाहेर आला. टेप सोलताना तिने सुई काढून ठेवली होती. ती लागलीच नाही. काडी मोडली नाही.

सोमवारी बाबांचा चहा झाल्यावर तिने नवा नकाशा त्यांच्या मांडीवर ठेवला.

“हे कशाला आता?”

“वाचा ना.”

“छकुले, उगीच.”

“माझ्यासाठी एकदा.”

त्यांनी नाइलाजाने हात ठेवला. नदी, पूल, चौक. बोटं भीत भीत चालत होती. शाळेपाशी आली. दवाखान्याच्या गल्लीवरून पुढे सरकली आणि थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली. तर्जनीचं टोक त्या काडीवर चढलं, टोकापर्यंत गेलं, तिथे खाली खड्ड्यात उतरलं आणि परत फिरलं.

बाबांनी दुसरा हात भिंतीच्या दिशेने पुढे केला. काय हवंय ते ओळखून तिने जुना नकाशा उचलून त्यांना दिला. आता दोन्ही हात दोन्ही गावांवर, एकाच जागी होते.

“हा कधी झाला?” त्यांनी विचारलं.

नवा झाला, असं म्हणता आलं असतं. गावात रोज काही ना काही नवं होतच असतं.

“पहिल्यापासून आहे,” ती म्हणाली.

“मग यात राहिला कसा?”

“राहिला नाही, बाबा. मी काढला.”

त्यांचा चेहरा तिच्या दिशेला वळला. तिची सावली त्यांना दिसत असणार. ती हलली नाही. त्यांनी रागवावं, हातातलं लाकूड भिरकावून द्यावं, असं तिला फार वाटत होतं. ते रागावले नाहीत. जुना नकाशा त्यांनी खाली ठेवला, नव्यावरून हात फिरवत शाळेपर्यंत आले, आणि मग तिथून हात उचलला. बाहीचं एक बटण सुटलं होतं. ते त्यांनी चाचपलं आणि लावलं.

नवरा बूट घालायला बाहेर आला.

“अरे वा, पुन्हा गाव निघालं वाटतं?”

“जावईबापू,” बाबा म्हणाले, “शाळेचे गज संपले की स्टँडचा रस्ता डावीकडं कितवा?”

“तिलाच विचारा की. सगळे रस्ते तिच्याच हातचे आहेत.” नवरा हसत नाडी बांधत होता.

“तुम्हाला विचारतोय.”

नवऱ्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मग त्याने डोळे मिटले आणि मनातल्या मनात शाळेवरून चालत गेला.

“तिसरा,” तो म्हणाला.

“तिसरा,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी काठी उचलली.