कोरी राहायची होती ती काचपट्टी

माझ्या अंगावर मेंढीच्या प्लीहेचा एक काप आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. मित्रांनो, मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काचपट्टी. आता जुनी झाले, एक कोपराही उडालाय.

शरीरात रोगजंतूंना पकडणारी प्रतिपिंडं असतात. त्यांना दोन हात आणि एक शेपटी. हातांनी ती जंतू धरतात. मग काही राखणदार पेशी त्यांची शेपटी पकडून जंतूसकट गिळून टाकतात. शेपटी पकडणारा हा चिमटा, म्हणजे ग्राही, नेमका कुठल्या पेशींवर असतो, हे आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंना शोधायचं होतं. त्यांचा प्रबंध त्यावरच अडला होता.

ग्राही नुसता दिसत नाही. म्हणून त्याला ओळखणारं प्रतिपिंड कापावर सोडायचं आणि ते चिकटेल तिथे तपकिरी रंग चढवायचा. माझ्या जुळ्या बहिणीला ते मिळालं. मला मिळालं या कापातलं काहीच न ओळखणारं. बहिणीने रंगायचं, मी कोरं राहायचं. मी कोरी, तरच तिचा रंग खरा.

आणि मीच रंगले!

ताईंच्या मार्गदर्शक सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "अहो, ही तर बहिणीच्याही वरताण निघाली! इतक्या महिन्यांचं काम पाण्यात. विषय बदला आता."

"एकदा नीट बघते, सर."

"बघून काय उगवणार आहे?"

ताईंनी मला कचऱ्याच्या डब्यावर धरलं होतं. तिथून परत आणलं. बराच वेळ भिंग खालीवर झालं.

"अगं बये," त्या पुटपुटल्या, "सांडला असता तर सगळीकडे सांडला असता. तुझा रंग मोजक्याच पेशींभोवती कसा गं?"

मग त्या एकदम हसल्या. "सर! हिच्या प्रतिपिंडाचे हात रिकामेच आहेत. पण शेपटी आहे ना! ग्राहीने तीच पकडली!"

सर पुन्हा भिंगावर वाकले. "घ्या! चोर शोधायला गेलो आणि त्यानेच आपली शेपटी धरली."

पुढच्या खेपेला ताईंनी शेपटी छाटलेली प्रतिपिंडं वापरली. एक पट्टी त्याच राखणदार पेशींवर तपकिरी झाली, दुसरी स्वच्छ कोरी राहिली. प्रबंधात त्या दोघींची चित्रं छापली. माझं नाही.

मी खणातल्या लाकडी पेटीत असते. माझ्या खरखरीत कडेवर ताईंनी पेन्सिलीने लिहिलंय, 'फेकू नये'. मित्रांनो, तुमच्या हातून एखादं काम असंच भलतीकडे रंगलं, तर डब्याकडे नेण्याआधी उजेडाकडे न्या. रंग कुठे लागलाय, तेवढं बघा.