सांडूआबाचा सूर

पडदा अजून उघडला नव्हता, पण मोनिकाची नजर राहून राहून डावीकडं जात होती. वाजवण्याची भीती तिला नव्हती. क्लॅरनेट आता हातात चांगलं रुळलं होतं आणि कार्यक्रमाची पहिली सुरावट तिचीच होती. धास्ती होती ती डाव्या हाताला मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्याची. डोक्याला पिवळा फेटा, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं, 'सूर' नावाचं फुंकायचं वाद्य, आणि तोंडावर असा आनंद की जणू घरचं लग्न आहे. हा तिचा आजा, सांडूआबा. डॉक्टरनं त्याला फुंकायची साफ बंदी केली होती, आणि ही गोष्ट त्या अख्ख्या मंचावर त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

आता कुणीही म्हणेल, मग सांगून मोकळं व्हायचं ना बाई! म्हणायला काय जातंय. त्यासाठी आधी या घराची तऱ्हा माहीत पाहिजे.

जाफराबादच्या अलीकडं त्यांचं गाव. घर मेंढरावाल्यांचं, मोनिकाचा बाप आजही आठ महिने कळप घेऊन बाहेरच असतो. पण बिरोबाच्या पालखीपुढं वाजवायचा मान याच घराचा. सनई वाजवायचा आबाचा थोरला भाऊ बद्रीनाथ. त्याला गाव 'पुढचा' म्हणायचं. सूर धरायचा धाकटा सांडू, तो 'मागचा'. सूर दिसायला सनईसारखाच असतो, पण त्याच्यावर बोटं नाचवायची नसतात. एकच स्वर लावायचा आणि तो धरून ठेवायचा. नाकानं दम घ्यायचा, गालात साठवायचा, गालातला सोडता सोडता पुन्हा नाकानं घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला श्वास लागतच नाही. सूर मधेच तुटला तर पालखी जागच्या जागी खाली ठेवावी लागते, आणि तसा अपशकुन या घरानं कधी होऊ दिला नव्हता.

सांडूआबाची आई गेली तो निरोप पालखी चालू असतानाच आला होता. निरोप्यानं कानात सांगितलं. आबानं ऐकलं, डोळ्यांतून धार लागली, पण सूर तसाच. देवळाच्या पायरीवर बद्रीनाथनं सनई कपाळाला लावली, तेव्हा आबानं सूर ओठावरून काढला आणि मग तिथंच बसून लेकरासारखा हमसून हमसून रडला. ही गोष्ट मोनिकानं लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की तिला तिचा कंटाळा आला होता.

बद्रीनाथ वारला. पुढच्या जत्रेत सनईवाला भाड्यानं आणावा लागला. त्यानं देवळापर्यंत बरं वाजवलं, पायरीपाशी आल्यावर सनई काखोटीला मारली आणि गडी गेला चहाला. आबा मात्र फुंकतच राहिला. लोक म्हणाले, अंगात आलं. कुणी पाया पडलं, कुणी भंडारा उधळला, आणि आबा जो कोसळला तो थेट जालन्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आला. डॉक्टर म्हणाले, काळीज थकलंय, पुन्हा फुंकलं तर माझ्याकडं आणू नका. मोनिकाची आजी, बायनाबाई, घरी आली आणि तिनं पहिलं काम काय केलं तर सूर उचलून ज्वारीच्या कोठीत तळाशी पुरला. मोनिका त्या वेळी परीक्षेला होती. तिला सगळं फोनवर कळलं.

मोनिका जालन्याच्या संगीत महाविद्यालयात क्लॅरनेट शिकत होती. घरात मुलीच्या जातीला सनईला हात लावू देत नव्हते. लहानपणी तिच्या वाट्याला फक्त सनईचं फडकं धरायचं काम यायचं. म्हणून पोरीनं क्लॅरनेट धरलं. पण कानात बसलेली पालखीची चाल कुठं जाते? ती तिनं एकदा वर्गात वाजवली आणि कल्याण सर, जे फुंकवाद्यांचा वृंद बसवत होते, ते जागचे उठलेच. क्लॅरनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बासऱ्या, सगळ्यांना घेऊन त्यांनी त्या चालीवर एक मोठी रचना बांधली. मोनिकाच्या फोनमध्ये आबाचा जुना सूर भरलेला होता. तो ऐकल्यावर तर सरांना दुसरं काही सुचेना. गावी आले, आबाच्या पाया पडले आणि म्हणाले, मंचावर तुम्हीच पाहिजेत.

बायनाबाई तेव्हा रानात होती. आबानं क्षणाचाही विचार न करता होकार दिला. सर जीपकडं वळले तसा आबानं मोनिकाच्या तळहातावर चिमूटभर भंडारा ठेवला आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटली.

"एकडाव, माय. आखरीचं. कुणाला सांगशील तर बिरोबाची आण हाय तुला."

मोनिकानं आण पाळली. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते हवं होतं. आबाच्या सुरावर तिची चाल, आणि ती ऐकायला भरलेलं सभागृह. या हव्यासाची तिला रात्रंदिवस लाज वाटायची, तरी तोंड उघडत नव्हतं.

तालमीला आबा बायनाबाईला बाजाराचं निमित्त सांगून दोनदा जीपनं आला, पण सूर काही लावला नाही. सूर तालमीत लावत न्हाईत म्हणाला, देवापुढंच लावायचा. तेव्हा तालमीत सरांनी फोनमधलाच सूर लाऊडस्पीकरवर वाजवला आणि शेवटी बोटानं बंद केला. आबाला त्यांनी नीट समजावलं की मी हात वर करून मूठ आवळली की सगळ्यांनी थांबायचं, तुम्हीही. आबा 'बराबर' म्हणाला. सगळं ठरल्यासारखं वाटलं.

बायनाबाईला सांगितलं होतं की नातीचा कार्यक्रम ऐकायला जायचंय. ती नवं लुगडं नेसून, सोबत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन आली आणि दुसऱ्या रांगेत बसली. आबा जरा जाऊन येतो म्हणून उठला तो परत आलाच नाही. कोठीतून सूर कधी काढला, पिशवीत कधी घातला, देव जाणे. म्हातारा मोठा चालू.

पडदा उघडला. मोनिकाची नजर आधी दुसऱ्या रांगेत गेली. बायनाबाई शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून बसली होती. तिनं मंचाकडं पाहिलं, पिवळा फेटा पाहिला, आणि तिचा हात हळूच तोंडावर गेला.

आबानं सूर लावला. सभागृह एकदम गप्प झालं. पहिल्यांदा बारीक, मग भरत भरत तो एकच स्वर छतापर्यंत गेला.  मोनिकानं क्लॅरनेट ओठाला लावलं आणि चाल सुरू केली. मागून बासऱ्या आल्या, सॅक्सोफोन आले, सरांचा हात लाटेसारखा हलत होता. वाजत होतं छानच. पण मोनिकाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती फक्त सूर ऐकत होती. थरथरला का? नाही. आता? नाही. आता जरा? तिची बोटं सवयीनं चालत होती आणि जीव सगळा डाव्या कानात गोळा झाला होता.

मधल्या भागात ट्रम्पेटं चढली तेव्हा तिनं चोरून आबाकडं पाहिलं. आबा सरांकडं बघतच नव्हता. त्याचे डोळे तिच्यावर लागले होते. तिच्या तोंडावर नाही, हातावर. गाल फुगलेले, कानशिलं लाल, फेट्याखालून घामाचे ओघळ गळ्यापर्यंत आलेले, आणि नजर अशी की पापणी हलत नव्हती. हा मला काही सांगून राह्यलाय का, तिला वाटलं. सोडव म्हणतोय का? ती घाबरून एक स्वर चुकली. आबाची नजर तरी हलली नाही.

दुसऱ्या रांगेत बायनाबाई अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. तीही त्याच घरची सून. सूर धरलेल्या माणसाला हात लावायचा नसतो हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं पदराचं टोक दातांत धरलं आणि बसून राहिली.

शेवट जवळ आला. मोनिका मनातल्या मनात बिरोबाला विनवत होती की एवढं पार पडू दे, मी स्वतः त्याच्या तोंडातून सूर काढून घेईन, पुन्हा नाव नाही काढणार. सगळी वाद्यं एका मोठ्या स्वरावर आली. सरांचा हात वर गेला. मूठ आवळली. सगळे थांबले.

सूर थांबला नाही.

लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. टाळ्या विरल्या तरी सूर चालूच. सरांनी हसून पुन्हा मूठ दाखवली. मग मान पुढं करून, डोळे मोठे करून दाखवली. आबा तिकडं पाहीचना. सरांच्या तोंडावरचं हसू गेलं. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. आबाचे ओठ काळेनिळे पडत चालले होते, सूर पकडलेली बोटं कापत होती, आणि स्वर मात्र सरळ. या म्हाताऱ्याचा जीव जाईल पण सूर जायचा नाही, हे मोनिकाला लख्ख कळलं. हिसकावून घ्यावा म्हणून तिनं हात पुढं केला. हात अर्ध्यात थांबला. तुटलेला सूर छातीत घेऊन हा माणूस घरी गेला तर किती दिवस काढेल?

आबा अजून तिच्या हाताकडंच बघत होता. पुढं केलेल्या हाताकडं नाही. ज्या हातात क्लॅरनेट होतं, त्या हाताकडं.

आणि कंटाळा येईपर्यंत ऐकलेली ती गोष्ट तिला आठवली. बद्रीनाथनं सनई कपाळाला लावली तेव्हा. नुसती ओठावरून काढली तेव्हा नाही. भाड्याच्या सनईवाल्यानं सनई काखोटीला मारली होती, कपाळाला लावली नव्हती. आणि आबा कुणीतरी उतरवील म्हणून फुंकत राहिला होता, पडेपर्यंत. अंगात आलं नव्हतं की काही नव्हतं. सूर मागच्यानं आपण होऊन थांबवायचा नसतो, तो पुढचा उतरवतो. मूठ आवळणाऱ्या सरांना तो काय ओळखतो? त्याच्या लेखी जो पालखीची चाल वाजवतो तो पुढचा. आज ती चाल मोनिकानं वाजवली होती.

पण जिला आयुष्यात फक्त फडकं धरू दिलं, तिनं हे करायचं? आणि तेही आजीच्या डोळ्यांदेखत, क्लॅरनेटनं? तिला वाटलं, चुकलं तर? देवाला चाललं नाही तर? आबाच्या नाकपुड्या एकदा जोरात फुलल्या आणि दम नीट भरला नाही हे तिनं पाहिलं. मग तिनं काही विचार केला नाही. दोन्ही हातांनी क्लॅरनेट उचललं, डोळे मिटले आणि कपाळाला टेकवलं.

सूर थांबला.

एवढी शांतता की कुणाच्या तरी खुर्चीची कुरकुर मागून ऐकू आली. मोनिकानं डोळे उघडले तेव्हा आबा तिच्याकडं कलत होता. तिनं क्लॅरनेट टाकलं आणि त्याला छातीशी धरलं. सरांनी पडदा पाडायला सांगितलं, कुणी पाणी आणलं, कुणी गाडी काढायला पळालं. बायनाबाई मंचाच्या पायऱ्या चढून आली, नवं लुगडं पायात अडकत होतं. आता ही काय काय बोलेल म्हणून मोनिकानं मान खाली घातली.  पण बायनाबाई खाली बसली आणि पदरानं नवऱ्याचा घाम पुसायला लागली.

आबा बराच वेळ तोंड उघडं ठेवून नुसता दम घेत होता. एकेक दम आत जाताना घरघर वाजत होती, आणि दर खेपेला मोनिकाला वाटत होतं की पुढचा येतो का नाही. मग त्यानं डोळे उघडले.

"लई उशीर केलास गं," तो म्हणाला. "त्या जत्रंतल्या गड्यानं उतरवलाच न्हाई. तवापसून चालूच व्हता माझ्या छातीत. झोप न्हाई का काही न्हाई."

 मोनिकानं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. नाडी अडखळत होती, पण होती.

आबानं हातातला सूर बायनाबाईच्या ओटीत ठेवला. आजवर तो कुणाला त्यानं आपल्या हातानं दिला नव्हता.

"ठिव कोठीत," तो तिला म्हणाला. "मी आता न्हाई मागणार. पर लई खाली पुरू नको. हिला मागचा दुसरा पाहावा लागंल."

बाहेर गाडी लागल्याचं कुणीतरी सांगत आलं. बायनाबाईनं सूर उचलला आणि पदर सारखा करून उभी राहिली. तिनं खाली पडलेलं क्लॅरनेट पाहिलं, वाकून तेही उचललं, आणि पिशवीतल्या फडक्यानं पुसून मोनिकाच्या हातात दिलं.