सोळाव्या सोमवारचं पाणी

टिकारामची ट्रेनिंग संपली आणि पक्क्या नोकरीची मेडिकल नेमकी सोमवारी आली, तेव्हा कलावतीबाईंना वाटलं, महादेवानं ऐकलं. त्यांचा तो सोळावा सोमवार होता.

नवरा गेल्यापासून आठ वर्षं त्या आर्वीला दिराच्या चुलीपुढे राबल्या होत्या. टिकाराम जेवायला बसला की दीर हमखास म्हणायचे, "शिकून काय दिवे लावते ते पाहू." नागपुरात डिप्लोमा झाला, भिलाईच्या नव्या कारखान्यात वर्षाची ट्रेनिंग मिळाली, तशी मायलेकांनी भिलाईजवळच्या बोरसीत एक खोली घेतली. पक्का झाला की सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळणार होतं. तिथलं बांधकाम बाई एकदा जाऊन पाहून आल्या होत्या. देव कोणत्या कोनाड्यात बसवायचे, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

"शेवटचा सोमवार जोडीनं करू," रविवारी त्या म्हणाल्या. "निर्जळी. सांजच्या पूजेपर्यंत थेंबही नाही."

"करू नं माय." भादव्यातल्या तापानं झिजलेल्या त्याच्या अंगावर सदरा अजून लोंबत होता.

सकाळी चिंधू आला. वर्षभर टिकारामच्या बरोबरीनं ट्रेनिंग केलेला, तोंडाचा तिखट. हातात केळ्यांची फणी.

"खाय लवकर. मेडिकलमधी पहिलं वजनच पाहतात. मी आठ गिळून आलो, वरून दोन लोटे पाणी. सायकलवर पोट डुचमळून राहिलं!"

"आज त्याचा सोमवार हाय, बापू," बाई हळूच म्हणाल्या.

"मावशी, केळं तं उपासाले चालते!"

"निर्जळी हाय. पाणीबी नाही."

"काऊन बे?" चिंधूनं टिकारामकडे पाहिलं. टिकाराम नुसता हसला, आईच्या पाया पडला आणि सायकल काढली. चिंधूनं केळी खुंटीला अडकवली. "आल्यावर खाजो मंग."

दिवसभर बाईंनी जप केला. बेलाची एकशेआठ पानं निवडली, एकही चिरलेलं येऊ दिलं नाही. नैवेद्याला चुरमा केला.

दिवेलागणीला टिकाराम आला आणि उंबऱ्यावरच बसला.

"नाही झालं."

"काय नाही झालं?"

"अनफिट."

मागोमाग चिंधू आला. "सांग नं मायले! का मी सांगू? मावशी, दीड पौंड कमी भरलं. दीड! डॉक्टर भला माणूस, दोनदा तोललं त्यानं. म्हणे, जा, नळावर पाणी पिऊन ये, मी थांबतो. आन् हा येडा नळावर तोंड धुऊन परत आला!"

"काऊन रे बाळा?"

"तू सोळा सोमवार केले, मी शेवटचा मोडू?" टिकाराम पायाकडे पाहत म्हणाला. "मले वाटलं, काटा महादेवच सांभाळीन."

त्याची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली होती. ट्रेनिंगचा पास आज संपला. पुन्हा भरती कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तुझं झालं का, बापू?" बाईंनी चिंधूला विचारलं.

"झालं," तो मान खाली घालून म्हणाला, आणि लगेच निघून गेला.

बाई पूजेला बसल्या. एकेक पान वाहत गेल्या. केळी उपासाला चालतात, हे काय त्यांना माहीत नव्हतं? पाण्याची अट पोथीत कुठेच नव्हती. ती त्यांनी आपल्या मनानं घातली होती, देवाला जरा जास्त द्यावं म्हणून. आता दिराला पत्र टाकावं लागेल. ते येऊ नका म्हणणार नाहीत. हसतील आणि पाट मांडतील. बाईंनी हात जोडले. रोज काही ना काही मागणं ओठांवर यायचं. आज काहीच आलं नाही.

"पूजा झाली?" टिकारामनं विचारलं.

"झाली."

"मंग आता चालते?"

त्यांनी लोटा पुढे केला. तो घटाघटा प्यायला आणि रिकामा लोटा पुढे धरला. त्यांनी भरला. त्यानं पुन्हा रिकामा केला, पुन्हा धरला. पाणी गळ्यावरून सदऱ्यात उतरत होतं. माठ तळाला गेला, तरी तो हात मागे घेईना.