टोरंटोचं घड्याळ

"काळाचा जितका खोल विचार इंग्रजी भाषेने केलाय, तितका जगात फार थोड्या भाषांनी केला असेल," असं निशिगंधा मॅडम अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या आणि त्याच दमात पुढे म्हणाल्या, "वह्या काढा पटकन, साडेपाचला टॅलीवाले येतात."

नौपाड्यात दातांच्या दवाखान्याच्या वर ती एकच खोली होती, आणि तिच्यात इंग्रजी संभाषण, टॅली आणि ब्युटी पार्लर असे तीन कोर्स आळीपाळीने चालत. सध्या इंग्रजीत वेळेबद्दलचे वाक्प्रचार चालू होते. मागच्या बाकावर महिपत भोईर बसले होते. शीळफाट्याकडचे जुने जमीनवाले. शेतावर आता टॉवर उभा होता आणि टॉवरमध्ये ते. बाकावरची जागा मात्र त्यांची नव्हती. ती त्यांच्या बायकोची, गंगुबाईंची.

गंगुबाईंनी साठी उलटल्यावर क्लास लावला तो नातीसाठी. मुलगा सूरज टोरंटोला, आणि त्याच्या संचिताचं मराठी 'आजी'पाशी सुरू होऊन तिथेच संपत होतं. दर शनिवारी महिपत बायकोला गाडीने आणून सोडत आणि खाली एसी लावून बसून राहत. तुम्हीही वर चला म्हटलं की म्हणत, "बिल्डरच माझेशी मराठीत बोलतंय. मना कशाला इंग्लिश?"

मॅडमचा एक नियम होता. शिकलेला वाक्प्रचार आठवड्याभरात घरच्या एखाद्या वाक्यात बसवायचा, बाहेरच्या एका माणसाला ऐकवायचा, आणि तो काय म्हणाला ते येऊन वर्गात सांगायचं. बाकीचे रिक्षावाल्यांना ऐकवत; रिक्षावाले मान हलवून मीटर टाकत. गंगुबाई रविवारी संचिताला ऐकवत. ती खदखदून हसे आणि तोच वाक्प्रचार घालून शाळेतली एखादी चुगली आजीला सांगे. मग दोघींना सूरज ओरडल्याशिवाय फोन ठेवता येत नसे.

फोनची वेळ गंगुबाई स्वयंपाकघरातल्या घड्याळात बघत. ते टोरंटोच्या वेळेवर लावलेलं होतं. त्यात सकाळचे नऊ झाले की फोन. वर्षातून दोनदा त्या स्टुलावर चढून त्याचे काटे सरकवत. घड्याळ अधूनमधून बिघडतं, असं महिपत धरून चालले होते. नवीन आणू का, असंही त्यांनी एकदा विचारलं होतं. गंगुबाई नुसत्या हसल्या होत्या.

डिसेंबरात गंगुबाई गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर पहिल्याच शनिवारी महिपतनी सवयीने गाडी काढली, दवाखान्याखाली लावली, बराच वेळ आत बसून राहिले आणि मग जिना चढून वर गेले. "ती नाय आता," मॅडमना म्हणाले. "मी बसू का तिचे जाग्यावर?"

रविवारचे फोन चालू होते. संचिता पडद्यावर येई, हात हलवी आणि पळे. हिच्याशी बोलायचं काय, हे आजोबांना समजत नव्हतं, आणि यांच्याशी बोलायचं काय, हे तिला.

मार्चात मॅडमनी 'इन द निक ऑफ टाइम' शिकवलं. म्हणजे अगदी ऐन वेळी. क्षणभर उशीर झाला असता तर सगळं मुसळ केरात, असं. महिपतनी घरचं, उतू जाणाऱ्या दुधाचं वाक्य जुळवलं: 'युवर आजी सेव्ह्ड द मिल्क इन द निक ऑफ टाइम, एव्हरी डे.' शीळफाट्याच्या ट्रॅफिकने ते तोंडपाठ करून घेतलं. सूरजला आधीच सांगून ठेवलं, उद्या मना पोरीशी बोलाचाय, तिला बसवून ठेव.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते घड्याळाखाली बसले आणि नऊच्या ठोक्याला फोन लावला.

पडद्यावर सूरज एकटाच होता. "बाबा, गेली ती स्विमिंगला. नऊला बसलेली ना फोनसमोर, कुणाला हात लावू देत नव्हती."

"नऊच वाजलेत."

"दहा झाले इकडे. आज पहाटे घड्याळं तासभर पुढे केली. दर मार्चला करतात, नोव्हेंबरात परत मागे घेतात. आईला माहीत असायचं."

महिपतनी वर भिंतीकडे पाहिलं. "मग पुढचे रविवारी?"

"पुढच्या रविवारपासून तिची बॅच नऊचीच झालीये. आणि नंतर डान्स असतो. बघतो कधी जमतंय ते. काय सांगायचं होतं? मला सांगा, मी सांगतो तिला."

"नको," महिपत म्हणाले. "तुला ठावं हाय ते."

फोन ठेवून ते स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं, एक तास पुढे केलं आणि परत खिळ्याला लावलं. खाली उतरल्यावर गॅसच्या शेगडीसमोर उभे राहिले. मग पाठ केलेलं वाक्य तिथेच एकदा पुटपुटले.

शनिवारी मॅडमनी नेहमीप्रमाणे एकेकाला विचारलं. रिक्षावाल्यांचं झालं, वॉचमनचं झालं.

"भोईरकाका, तुम्ही कुणाला ऐकवलंत?"

"घरीच."

"छान. मग, काय म्हणाले घरचे?"

महिपत बाकाला धरून उभे राहिले. तेवढ्यात साडेपाच वाजले आणि टॅलीवाले आत आले.