सफरचंदांच्या गावातला ग्रुप फोटो

अमेरिकेत वेस्ट विंडसरला प्रतिमाताईंच्या घरी जपान टूरचं गेट-टुगेदर होतं. मालिनी आणि तिचा नवरा दिगंबर त्यासाठी खास दूरच्या नोव्हायहून विमानाने आले होते. टीव्हीवर फोटो पळत होते, टूर पळाली होती तसेच. अख्खा उत्तर जपान आठवड्यात उरकायचा म्हटल्यावर देऊळ असो की धबधबा, टूर मॅनेजरचं पालुपद एकच, चला, आटपा, नाहीतर रात्रीचं पिठलं गार होईल. एवढ्या लांब जाऊन माणसांना काळजी पिठल्याची.

मालिनीला मात्र एका फोटोची धास्ती होती.

घोळ पहिल्याच दिवशी झाला होता. आपल्या टूरच्या रिवाजाप्रमाणे बसमध्ये माइक फिरला. नाव सांगा, गाव सांगा, मुलं काय करतात सांगा. दिगंबरने ऐटीत सांगितलं की एकुलता एक यश सिॲटलला मोठ्या कंपनीत आहे. टाळ्या पडल्या. खरं तर यशने इंजिनिअरची नोकरी सोडली होती आणि जपानमध्ये हिरोसाकीत सफरचंदांच्या बागेत काम धरलं होतं. तेव्हापासून बापलेकात अबोला होता. हे माइकवर कोण सांगणार?

पण बस हिरोसाकीला थांबते, एवढ्यासाठीच मालिनीने ही टूर निवडली होती. तिने यशला गुपचूप मेसेज केला होता. किल्ल्याच्या दाराशी ये, बाबांशी तुझी गाठ मी घालून देते.

तो आला. पायात चिखलाचे गमबूट, हातात सफरचंदांची पिशवी. मालिनीचा जीव सुपाएवढा झाला. नेमकी तेव्हाच मंडळी ग्रुप फोटोसाठी बॅनर धरून उभी राहिली होती, आणि प्रतिमाताईंना समोर आपल्यासारखा चेहरा दिसला. त्यांनी कौतुकाने आपला फोन त्याच्या हातात दिला.

यशने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. हा माझा मुलगा, एवढंच म्हणायचं होतं. मालिनीची जीभ उचलेना. दिगंबरने त्याला ओळखलं होतं. त्याने कॉलर नीट केली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला.

“वन मोअर,” यश म्हणाला, आणि त्याने अजून एक फोटो काढला. फोन परत दिला, पिशवी बसच्या पायरीवर ठेवली आणि तो चालू लागला. मॅनेजर शिट्टी वाजवत होता. मालिनी बसमध्ये चढली. मग सगळ्यांना सफरचंदं वाटली गेली. इथली माणसं किती प्रेमळ, असं सगळे म्हणाले. दिगंबरने दोन फोडी खाल्ल्या.

त्यानंतर यशचा नंबर लागला नाही. मेसेज जात नव्हते. बागेत फोन केला तर तो काम सोडून गेल्याचं कळलं. कुठे, ते तिथेही कुणाला माहीत नव्हतं.

आता तो फोटो टीव्हीवर आला. सगळ्यांनी वाहवा केली. काय झकास काढलाय, फ्रेम करून प्रत्येकाला देऊ या, असं ठरलंसुद्धा. पडद्यावरची मालिनी सरळ समोर बघत होती, आणि ती कुणाकडे बघतेय हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

दिगंबर घसा खाकरून म्हणाला, “प्रतिमाताई, त्याने दोन काढले होते. दुसरा कुठाय?”

“तो ना, डिलीट केला. मालिनी त्यात डोळे पुसत होती. चांगला नव्हता आला.”

दिगंबरने मान हलवली. पुढचा फोटो पिठल्याचा होता.