नसलेली घार

कालिपा गावातून तालुक्याला जाणारी मिनीबस चालवायची. दोन्ही मुली लग्न होऊन परगावी गेल्या, नवरा मधमाश्यांच्या पेट्या घेऊन उन्हाळाभर डोंगरात. चाळिशी उलटली आणि तिच्या मनाने घेतलं की आपणही हातावर बाज बाळगायचा आणि इसिक-कुल तळ्याच्या काठच्या काटेरी झुडपांत रानकोंबडे धरायचे. या विद्येचे गावात जाणकार एकच, म्हातारे मामबेत आके. ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बस चालवता येते ना तुला?" आकेंनी विचारलं.

"येते की."

"मग तीच चालव. बस रुसत नाही."

पण कालिपा रोज फेरी संपवून यायची, अंगण झाडायची, आकेंच्या शिकारी पाखराच्या दांडीखालची घाण काढायची. शेवटी आकेंच्या बायकोलाच, बात्मा आपाला, राहवलं नाही. "शिकवा हो तिला. तुमची बडबड ऐकायला मला एकटीला किती दिवस बसवणार?"

आकेंनी अट घातली. "पाखराला हात लावायचा नाही. आधी आकाशात कोण आहे ते ओळखायला शीक. नाहीतर जाळ्यात सापडेल कावळा, आणि तू त्याला बाज समजून मटण चारत बसशील."

मग दोघं सकाळी गावामागच्या टेकडीवर बसू लागली. पहिल्याच दिवशी कड्यावरून एक काळं पाखरू निघालं. कालिपा ओरडली, "गरुड!"

पाखरू डोक्यावरून जाताना घोगऱ्या आवाजात बोललं.

"तुझा गरुड कावकाव करतोय," आके म्हणाले. "जा, सलाम कर त्याला."

दुसऱ्या दिवशी तिने गिधाडाला गरुड केलं, तिसऱ्या दिवशी पारव्याला ससाणा. आकेंनी कपाळाला हात लावला. "नाव सांगूच नकोस बाई. नुसतं काय दिसतं ते सांग. पंख कसे, शेपूट कशी, उडतो कसा. नाव मी सांगेन."

ही युक्ती मात्र लागू पडली. नावाची घाई सुटली तशी तिची नजर पाखरावर ठरायला लागली. "एकाच जागी थरथरतोय, आके, जणू दोरीला टांगलाय." "छोटा ससाणा. उंदीर शोधतोय." "पंख रुंद, टोकाला बोटं पसरल्यासारखी. किती वेळ झाला, एकदाही हलवले नाहीत." "हा खरा गरुड." "पंख आखूड, शेपूट लांब. चारदा फडफडतो, मग तरंगतो, पुन्हा फडफडतो." आके सरसावून बसायचे. "हाच! हाच बाज! डोळे मिटलेस तरी दिसला पाहिजे असा."

पण एक गोष्ट तिला खटकायची. आके कधी आपणहून बोट दाखवत नसत. एवढा मुरलेला शिकारी, आणि पाखरू आधी दिसायचं ते दर वेळी तिलाच. तिला वाटलं, परीक्षा घेत असतील. मग एका सकाळी, सप्टेंबरात, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, एक पाखरू नाही, आणि कालिपाला खोडी सुचली.

"आके, डावीकडे बघा. शेपूट फाटलेली आहे, आणि उडताना सारखी वळवतेय."

"घार," आके हात कपाळावर धरून म्हणाले. "मघाशीच दिसली मला. म्हातारी दिसतेय."

कालिपाला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. ती त्यांच्यासोबत टेकडी उतरली, आके आत गेल्यावर बात्मा आपाला गोठ्यात गाठलं आणि सगळं सांगितलं.

आपा दूध काढता काढता म्हणाली, "मला माहीत नाही होय? परवा शेजारच्या बुजगावण्याला यांनी सलाम केला, वर उत्तर नाही आलं म्हणून रुसून बसले. तू बोलू नकोस हं. गावाला कळलं तर हे लाजेने पाखरू सोडून देतील, आणि पाखरू गेलं की अंथरूण धरतील."

कालिपा बोलली नाही. ती फक्त अधिक नीट सांगू लागली, आणि आके अधिक ऐकू लागले.

पहिलं बर्फ पडून वितळल्यावर आसपासच्या गावांतले शिकारी घोड्यांवरून तळ्याकाठी जमले. आकेंची बाज-मादी, कुमुश, झुडपातून उठलेल्या रानकोंबड्यामागे सुटली आणि पलीकडे दिसेनाशी झाली. वारा सुटला होता, तिच्या पायातल्या घुंगराचा आवाज काही येईना. शेजारच्या गावचा दोरोन्बेक, आकेंच्या खोड्या काढायची एक संधी न सोडणारा, रिकिबीत उभा राहून ओरडला, "ती काय पॉपलरवर! आके, तुमची राणी शिकार सोडून हवा खातेय!"

सगळ्यांनी मान वळवली. शेंड्यावर खरंच एक पाखरू बसलं होतं. आकेंनी मांस काढलं, हात वर केला, पण तोंड भलत्याच झाडाकडे. कालिपाने घोडी पुढे घातली आणि हळूच म्हणाली, "आके, ती कुमुश नाही."

"हिला काय कळतंय?" दोरोन्बेक हसला. "बसमध्ये बसायला आलं असेल ते!"

आकेंनी हात खाली घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, मला त्या झाडावरचं पाखरू सोडच, झाडही धड दिसत नाही. काय दिसतं ते सांग."

कुणी हसलं नाही. कालिपाने शेंड्यावर नजर रोखली. "शेपूट आखूड. पंखांची टोकं शेपटीच्या टोकाला टेकलीत. डोळे काळे. छातीवर डाग आहेत, पण कुमुशसारख्या बारीक आडव्या रेघा नाहीत."

"सार जातीचा आहे तो," आके म्हणाले. "उंदीरखाऊ. दोरोन्बेक, तुला हवा असेल तर घेऊन जा. आता जरा तोंडं बंद ठेवा सगळ्यांनी." त्यांनी मान तिरकी केली. "खाली, ओढ्याच्या बाजूला मॅगपाय पाखरं शिव्या देताहेत. जा पोरी, कुणाला देताहेत ते बघ."

कालिपा आकेंचा हातमोजा आणि मांस घेऊन घोडीवरून उतरली आणि काट्यांत शिरली. कोट फाटला, गालावर ओरखडा उठला. काळीपांढरी पाखरं एका खळग्यावर कालवा करत होती, आणि खळग्यात कुमुश रानकोंबड्यावर पंखांचा तंबू करून बसली होती, नारिंगी डोळे वटारून. कालिपाने गुडघ्यावर बसून मांस पुढे धरलं. कुमुशने तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि हातमोज्यावर चढून बसली. एवढं जड पाखरू आणि एवढं हलकं, दोन्ही एकदमच! कालिपाला रडू आलं आणि तिने ते वाऱ्यावर ढकललं.

"डोळे शिष्येचे, आके," परतल्यावर दोरोन्बेक म्हणाला, पण या वेळी टोपी काढून. "तुमचं काय उरलं?"

"कान. आणि जीभ, तुझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी कालिपाने बसच्या पहिल्या फेरीत आकेंना पुढच्या सीटवर बसवलं आणि थेट तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे उतरवलं. तिथेही ते भांडले, पण शेवटी जाड काचांचा चष्मा लावून बाहेर आले. परतीच्या वाटेवर खिडकीला नाक लावून बसले होते. "बर्फाच्या डोंगरांना एवढ्या सुरकुत्या होत्या?" एकदा म्हणाले. घरी पोचल्यावर बात्मा आपाकडे बराच वेळ बघितलं.

"काय?" आपा म्हणाली.

"काही नाही. मला वाटायचं मी एकटाच म्हातारा झालोय."

आपाने त्यांना फडका फेकून मारला.

पंचाईत झाली ती वेगळीच. आके अंगणात गेले आणि दांडीवरची कुमुश काचा बघून बिथरली. पंख आपटत उलटी लटकली, मांस धरलं तर चोच वासली. एवढी वर्षं हातावर खेळवलेली कुमुश त्यांना ओळखेना!

"चष्मा काढा," आपा म्हणाली.

"आत्ता तर दिसायला लागलंय, आणि काढू?" आके दुखावून म्हणाले. मग कालिपाकडे वळले. "हिला रोज हातावर घेऊन माझ्याशेजारी बसायचं. मी हळूहळू जवळ सरकेन. नव्या पाखराला माणसाळवतात तसं."

"पण तुम्ही तर म्हणाला होता, पाखराला हात लावायचा नाही."

"तेव्हा म्हणालो होतो. हातमोजा घाल, वेळ घालवू नकोस."

कालिपाने हातमोजा चढवला. कुमुश तिच्या हातावर शांत बसली, आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लाकडाच्या ओंडक्यावर आके, जरासेच पुढे सरकत, लहान मुलासारखे अवघडून.